मान्सून नावाची बाही

हुफूफच्या आमच्या घरात दोन शिलाई मशिनी होत्या, आणि डोळे मिटून पडलं तरी कोण शिवतंय ते कळायचं. अब्बांची मशीन एका दमात लांब धावायची आणि मध्येच थांबायची, कारण अब्बांना काहीतरी बोलायचं असे. आपाची मशीन बारीक, सावकाश चालायची, कुणी अडकित्त्याने सुपारी कातरत बसावं तशी. आपा म्हणजे माझी थोरली बहीण रुक्साना. अब्बा कैसरिया बाजारातल्या एका दुकानात बिश्त आणि फरवे दुरुस्त करायचे. बिश्त म्हणजे इथले मोठे लोक अंगावर घेतात तो जरीकाठी झगा, आणि फरवा म्हणजे आतून मेंढीची लोकर लावलेला पायघोळ जड कोट. दुकान अब्बांच्या कफीलचं, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा व्हिसा होता त्या सौदी मालकाचं, पण नाजूक काम अब्बा घरी आणत आणि ते आपाच्या हातात देत. गिऱ्हाइकांना वाटायचं सगळं अब्बाच करतात. अब्बा त्यांना खरं सांगायचे नाहीत, पण घरी आल्यावर आपाचा टाका उजेडात धरून म्हणायचे, "रुक्सू, ह्यो टाका बघून मनाच माझी लाज वाटते."

सौदी म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला फक्त ऊन आठवतं. पण हुफूफचा हिवाळा मी अंगावर काढलेला आहे. पहाटे खजुरांच्या बागांवरून असा कोरडा गारठा यायचा की फरशीवर पाय ठेववत नसे. अम्मी गॅसची शेगडी खोलीत आणून ठेवायची आणि तिच्याभोवती आम्ही एका थाळ्यात जेवायचो. इथल्या वाडीत पिकणारा हसावी तांदूळ लालसर असतो. अम्मीला तो आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावच्या भातासारखा वाटायचा, म्हणून हिवाळाभर त्याचीच भाकरी, सोबत सुक्या बांगड्याचं कालवण, आणि शेवटी खजूर. खजुराच्या चांगल्या जातीला इथे खलास म्हणतात आणि संपलं या अर्थीही खलासच म्हणतात, त्यामुळे डबा रिकामा झाला की अब्बा दर वेळी तोच विनोद करायचे, "खलास खलास." आम्ही कुणी हसायचो नाही, ते एकटेच हसायचे.

त्या थाळ्यात माझ्या शेजारी आपाचा हात यायचा. आपाच्या हातांवर कोड होतं. आधी बोटांच्या पेरांवर दुधाचे थेंब सांडल्यासारखं दिसलं होतं, मग ते मनगटांपर्यंत पसरलं. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. अम्मी "ते" म्हणायची. "ते वाढलंय काय गं?" बाहेर जाताना आपा अबायावर, म्हणजे इथल्या पायघोळ बुरख्यावर, काळे हातमोजे घालायची, आणि तसे मोजे इथे कितीतरी बायका घालतात, त्यामुळे बाजारात तिच्याकडे कुणी वळून पाहायचं नाही. मात्र घरात हात उघडे. माझे हात धड होते, गव्हाळ आणि अगदी एकसारखे, आणि थाळ्यात तिचा हात माझ्या हाताशेजारी आला की मला वाटायचं, तिच्या वाटणीचं काहीतरी मीच जास्त उचललंय. मी माझा हात जरा मागे घ्यायचो. तिला ते कळायचं की नाही, ठाऊक नाही. आज मी पन्नाशी ओलांडलीय, रियाधमध्ये बँकेत बसतो, सह्या करतो, आणि अजूनही मध्येच स्वतःच्या हातांकडे पाहून ओशाळतो. बायको म्हणते, "तुम्हाला कशाचीही शरम वाटते." खरं आहे ते.

त्या हिवाळ्यात उम्म नासिर नावाच्या एका वृद्ध बाईंचा, खजुराच्या व्यापाऱ्याच्या विधवेचा, ड्रायव्हर दुकानात आला. इथे घरात काम करणारे लोक मालकिणीला मामा म्हणतात. त्याने कापडात गुंडाळलेली वस्तू अब्बांपुढे ठेवली आणि हिंदीत म्हणाला, "मामा बोला है, ये मानशून ठीक करने का."

अब्बा त्या रात्री जेवताना ते सगळं पुन्हा करून दाखवत होते. "मी म्हटलं, कुणाचा मामा? आनि मान्सून? भाई, हुफूफमधी मान्सून कंय? तो म्हणतो, मना काय माहित, मामा बोला मानशून!"

मग अब्बांनी कापड उलगडलं. गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या फरची एक रुंद, आखूड बाही होती ती. दोन्ही तोंडं उघडी. मधमाश्या उडून गेलेल्या पोळ्यासारखी ठिकठिकाणी टक्कल पडलेली. आतलं रेशीम फाटून लोंबत होतं, आणि कापराचा, उदाचा आणि कुठल्यातरी जनावराचा असा तिहेरी वास येत होता. आपाने ओल्या ब्रशने एका कोपऱ्यातले केस विंचरले आणि फर उठली. शेगडीचा उजेड तिच्यावरून असा सरकला की ती श्वास घेतेय असं मला वाटलं. असलं मऊ काही मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. अम्मीने पदर सावरून जरा लांबूनच विचारलं, "मेलेलंच हाय ना?"

"बाही हाय ही," अब्बांनी निकाल दिला. "कुणा बड्या माणसाच्या फरव्याची. दुसरी हरवली असंल."

"ड्रायव्हरला विचारलंत काय, दुसरी कुठाय?" आपाने विचारलं.

"विचारलं. म्हणतो, एकच दिलीय. मग एका बाहीचा कोट कोन घालतं? आपल्याला जोडी करून द्यायची हाय. रुक्सू, तू दुसरी बनव."

आता हसू येतं, पण तेव्हा यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. शिंप्याच्या घरात बाही एकटी असूच शकत नाही. आपाने जुन्या फरव्यांतून निघालेले लोकरीचे सगळे तुकडे गोळा केले, त्यांतले बारीक केसांचे निवडले, डाळिंबाच्या साली आणि काळा चहा उकळून त्यात ते रंगवले, गच्चीवर सावलीत वाळवले. रंग जमेना. पुन्हा उकळले. घरभर चहाचा असा वास भरला की शेजारची मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई कप घेऊन आली. मग आपा एकेक तुकडा केसांची दिशा पाहून जोडत गेली. शिवण कुठे आहे ते बोट फिरवून सापडायचं नाही. अस्तराला बिश्तच्या कामातून उरलेलं काळं रेशीम लावलं. जुनीही तिने दुरुस्त केली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर अब्बांनी नेहमीप्रमाणे त्या उजेडात धरल्या आणि नवी कुठली ते उलटसुलट करून शोधत राहिले. घरात त्या जोडीला आम्ही मान्सूनच म्हणायला लागलो होतो. "मान्सून उचल, जेवायला वाढायचंय," अम्मी म्हणायची.

पोचवायला मी आणि आपा गेलो. आपाला अरबी येत नव्हती आणि मला गल्लीतल्या पोरांशी भांडून भांडून चांगली यायची, म्हणून मी दुभाषा. उम्म नासिर ऐंशीच्या पुढच्या होत्या, अंगणात उन्हात चटईवर बसल्या होत्या, आणि सतरा वर्षांच्या पोरापासून पडदा करायचा त्यांना कंटाळा होता. "ये, बस, तू माझ्या नातवाहून बारका आहेस," म्हणाल्या. आपाने पिशवीतून एक बाही काढून पुढे ठेवली. बाईंनी ती गालाला लावली. मग आपाने दुसरी काढली.

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हे काय?"

"जोडी," मी म्हणालो. "दुसरी हरवली होती ना. अब्बांनी सांगितलं, बाह्या दोन लागतात."

त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की आतून सून धावत आली. "अगं, हा म्हणतो बाह्या दोन लागतात!" त्यांनी डोळे पुसले. "बेटा, मला हात काय चार आहेत?" आणि त्यांनी जुनी बाही मांडीवर आडवी धरली, एका तोंडातून डावा हात घातला, दुसऱ्या तोंडातून उजवा. दोन्ही हात आत नाहीसे झाले. त्या तशाच ताठ बसल्या, हनुवटी वर, आणि क्षणभर त्या चटईवर बसलेली खजूरवाल्याची विधवा मला दिसेनाशी झाली. तिथे कुणीतरी राणी होती.

मग त्यांनी सांगितलं. मानशून हा तुर्की शब्द, थंडीत दोन्ही हात आत घालायच्या फरच्या अशा नळीसाठीचा, आणि ही मानशून त्यांच्या आजीची. आजी बर्फ पडणाऱ्या दूरच्या शहरातली, तुर्की अंमलदाराची नवरी म्हणून ती इथे आली, तुर्क होते तेव्हाची गोष्ट. उंटावरून उतरली तेव्हा तिच्या मांडीवर हे होतं, आणि हुफूफच्या बायकांना वाटलं नव्या नवरीने जनावर पाळलंय. बायका रांगा लावून बघायला आल्या. एकीने त्याला दूध आणलं होतं. पुढे तो अंमलदार वारला, आजी इथेच राहिली, खजुराच्या व्यापाऱ्याशी तिचं लग्न झालं, आणि हिवाळ्यातल्या पहाटे ती बागेत मजुरांवर देखरेख करायला जायची ती हात यात घालून. "तिच्या गावात पुरुषसुद्धा वापरायचे, म्हणे," बाई म्हणाल्या, "पण तिचं कोण खरं मानणार?"

बाईंनी दुसरी, आपाने केलेली, उचलून आपाकडे फेकली. "घालून बघ." आपाने मोज्यांसकट हात पुढे केले. "मोजे काढ, वेडे! मोजे घालून कळणार कसं?" मी ते मराठीत सांगितलं. आपा थांबली. मग आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे वळली, आणि परत वळली तेव्हा तिचे हात आत होते. तिचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचे उघडे हात असे होते की ते कुणालाही दिसत नव्हते, आणि तरी ते लपवलेत असं कुणाला वाटलं नसतं. "ही तुझी," उम्म नासिर म्हणाल्या. "तू केलीस. मला एक पुरते. यल्ला, आता चहा घ्या."

त्यानंतर मला त्या वस्तूचं वेड लागलं. शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजी विश्वकोशाचे जाडे खंड होते. त्यात मी शोधलं, आणि मफ या नावाखाली ते सापडलं. बाईंच्या आजीचं सगळं खरं निघालं. युरोपातल्या दरबारांतले पुरुषही कमरेच्या पट्ट्याला मफ अडकवून हिंडायचे. कधी ते एवढाले मोठे असत की मांडीवर लहान मूल घेतल्यासारखे दिसत, कधी फॅशन बदलून मुठीएवढे होत. बायका त्यात अत्तराची कुपी ठेवत, चिठ्ठ्या लपवत, गरम पाण्याची इवलीशी बाटली ठेवत. काहीजणी लहान कुत्रंसुद्धा आत बसवून घेत. रेशमाचे, पिसांचे, मखमलीचे, आणि ज्यांना सेबल या बर्फाळ प्रदेशातल्या मुंगसासारख्या जनावराची महागडी फर परवडे त्यांचे सेबलचे. मी धावत घरी येऊन आपाला वाचून दाखवायचो. ती मशीन थांबवून ऐकायची. एकदा तिने विचारलं, "अश्फ्या, त्यांच्या हातांना काय झालं होतं?"

"काय नाय. थंडी. आणि शोभा. हात गोरे राहावेत म्हणूनही घालत."

"गोरे राहावेत म्हणून?" तिने आपल्या बोटांकडे पाहिलं, आणि एवढी हसली की सुई खाली पडली. मला त्या हसण्यात सामील व्हावं की नाही कळेना. मी खाली वाकून सुई शोधत राहिलो. अजूनही परदेशात कुठे चित्रसंग्रहालयात गेलो तर मी चेहरे बघत नाही. जुन्या बायकांच्या चित्रांत फरचा तो गोळा शोधतो आणि आतले हात कसे असतील याचा विचार करत उभा राहतो. मुलं कंटाळून इंग्रजीत म्हणतात, बाबा, चला ना.

आणि मग दम्मामहून स्थळ आलं. मुलगा जुबैलला नोकरीला होता. त्याचे आईवडील आमच्याच खाडीच्या पलीकडच्या गावचे. मध्यस्थाने त्यांना आपाचं शिवणकाम सांगितलं होतं, स्वभाव सांगितला होता, हातांचं सांगितलं नव्हतं. याआधी एक स्थळ हात बघून चहा अर्धा टाकून उठलं होतं, आणि त्यानंतर आपाने महिनाभर मशीनला हात लावला नव्हता. म्हणून अम्मीने ठरवलं. घरात मोजे घालून बसली तर शंका येईल. पण मान्सून आहे की! बाहेर थंडी आहे, वस्तू देखणी आहे, तिने स्वतः केलीय, दाखवायला कौतुकाची. एकदा साखर दिली-घेतली, म्हणजे होकार पक्का झाला, की पुढचं पुढे बघू. अब्बा मान खाली घालून म्हणाले, "तुना बरं वाटतं तसं कर." आपाने ब्रश घेतला आणि ती फर विंचरायला लागली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

मुलगा जुबैललाच कामावर होता; त्याचे आईवडील आले त्या दिवशी आकाश ढगाळ होतं आणि वारा बोचरा होता. अब्बा आणि मुलाचे वडील पुढच्या खोलीत बसले. आतल्या खोलीत शेगडीपाशी अम्मी, आपा आणि मुलाची आई, मरियमखाला. कोकणातल्या आमच्या घरांत मुलीच्या धाकट्या भावाला अशा वेळी आत यायला बंदी नसते, चहा-घावनं तोच नेतो आणतो. खाला जाड, खणखणीत बोलणाऱ्या होत्या. "या अल्ला, काय ही थंडी! आमच्या दम्मामला समुद्र तरी हाय. माझी बोटं बघ, लाकडं झाली लाकडं." मग त्यांची नजर आपाच्या मांडीवर गेली. "आनि हे काय गं? मांजर?"

"मान्सून," अम्मी घाईने म्हणाली.

"आं?"

अम्मीने सगळी गोष्ट सांगितली, बाहीची, जोडीची, चार हातांची. खाला खदखदून हसल्या. "तुझे अब्बा म्हणजे कमाल हाय! आनि ही तू शिवलीस? बघू दे तरी." आपाने मफ पुढे केला, पण हात आतच होते. खालांनी फरवरून तळवा फिरवला, शिवण शोधली, ती सापडली नाही. "आत काय, रेशीम हाय?" असं म्हणत त्यांनी, कुणी काही बोलायच्या आत, एका तोंडातून आपला गारठलेला हात सरळ आत घातला.

मी दारात घावनांची बशी घेऊन उभा होतो. फरच्या आत काय झालं ते आम्हाला दिसत नव्हतं. खालांचा चेहरा मात्र सैलावला. "अगं, तुझा हात किती गरम हाय," त्या म्हणाल्या. त्यांनी तो आत धरला होता.

आपा म्हणाली, "खाला, तुमचा हात आत हाय तवरच सांगते. माझ्या हातांवर कोड हाय. दोन्ही हातांवर. मनगटापर्यंत."

तो शब्द आमच्या घरात मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो आपानेच उच्चारला. पुढच्या खोलीतून अब्बांचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं. शेगडी सूं करत होती. अम्मीने तोंडावर पदर घेतला. मी फक्त खालांच्या मनगटाकडे बघत होतो. ते फरच्या कडेपाशी होतं, हिरव्या बांगड्या कडेला टेकलेल्या, आणि मी जन्मात कशाकडे तसं पाहिलं नाही. ते मागे सरकतंय का, एवढंच मला बघायचं होतं. उम्म नासिरची आजी, ते दरबारी लोक, त्यांची सेबलं, सगळं मला तेव्हा फार लहान वाटलं. माझी बहीण समोर बसली होती, तिची पाठ ताठ होती, आणि तिने स्वतःहून सगळं एका परक्या बाईच्या मुठीत दिलं होतं.

मनगट हललं नाही.

"पोरांना होतंय काय?" खालांनी विचारलं. आवाज आता खणखणीत नव्हता.

"डॉक्टर म्हणतात, होईलच असं नाय. होणारच नाय असंही म्हणत नाय."

"तुझ्या अम्मीने का नाय सांगितलं?"

"ती घाबरली."

"आनि तू?"

"मीपण घाबरले. पण तुम्ही हात धरलात. आता गप्प बसले असते तर उद्या तुम्हाला वाटलं असतं, आत लपवून फसवलं."

"मी पण खोटं नाय बोलणार," खाला म्हणाल्या. "मनापण भीती वाटते. लोक बोलतील. माझी जाऊ तर पयली बोलंल, तिचं तोंड म्हणजे दम्मामचा रेडिओ. पोराला मी सगळं सांगणार, तुझ्यासमोर सांगणार, तो नाय म्हणाला तर मी जबरदस्ती करणार नाय. त्याची साखर तो आला की तो देईल. माझी मी आज देते." मग त्या अम्मीकडे वळल्या. "रडतेस काय गं? साखर हाय काय घरात?"

अम्मीचे डोळे पुसून होईनात. आपाच उठू लागली. "तू बस," खाला म्हणाल्या. "भाऊ कशाला हाय? ए बाबा, बशी ठेव ती खाली आनि साखर आण."

मी स्वयंपाकघरात गेलो. डबे सगळे ओळखीचे होते आणि एकही ओळखता येईना. मिठाचा उघडला, रव्याचा उघडला. साखर सापडली तेव्हा ती वाटीत ओतताना निम्मी ओट्यावर सांडली. वाटी दोन्ही हातांनी धरून मी परत आलो आणि त्यांच्यासमोर उभा राहिलो. खाला आपाला विचारत होत्या की डाळिंबाची साल किती वेळ उकळायची, आणि आपा सांगत होती, पहिल्या वेळी रंग जमलाच नव्हता, दुसऱ्यांदा चहा जास्त घालावा लागला. "साखर आणली," मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. खाला म्हणाल्या, "धर जरा तशीच," आणि पुन्हा आपाकडे वळून विचारू लागल्या. मी वाटी घेऊन उभाच राहिलो. दोघींपैकी कुणालाच हात बाहेर काढायची घाई नव्हती.